उंबरठ्यावरचे बोट

(तृतीय वर्ष कला, मराठी)

कोणत्याही महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक काढून चाळावेत. एका अंकात नाही तर दुसऱ्यात ‘माझी आजी’ हा लेख हटकून सापडतो. त्यातली आजी पहाटे उठते, तिच्या लुगड्याला चुलीच्या धुराचा वास असतो, तिच्या हातच्या भाकरीला अमृताची गोडी असते. ती नातवंडांना गोष्टी सांगते आणि लेखाच्या शेवटी एके दिवशी शांतपणे डोळे मिटते. लेख वाचून आपलेही डोळे पाणावतात. पण असे चार लेख ओळीने वाचले की मनात एक शंका डोकावते. या सगळ्या आज्या एकच कशा? जिवंतपणी तर त्या एकमेकींसारख्या मुळीच नव्हत्या! एक भांडखोर होती, दुसरी अबोल होती, तिसरी तपकिरीवाचून तासभर राहत नव्हती. मेल्यावर मात्र सगळ्या एकाच साच्यातून काढल्यासारख्या का दिसाव्यात?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची वेळ माझ्यावर आली, म्हणून हा लेख. गेलेल्या माणसाच्या आठवणी काढणे ही आपोआप होणारी गोष्ट नाही. ते एक काम आहे, त्याला अनेक माणसे लागतात, आणि त्याला मुदतही असते. हे मला उशिरा कळले. आपणापैकी ज्यांच्या आज्या अद्याप आहेत, किंवा नुकत्याच गेल्या आहेत, त्यांना ते वेळेवर कळावे एवढाच या लिहिण्याचा हेतू.

माझी आजी दोन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात जुन्या धुळ्यातल्या आमच्या घरी वारली. आम्ही सगळी नातवंडे तिला ‘मोठी माय’ म्हणत असू. वय ऐंशीच्या घरात. तिच्या जाण्यात विशेष असे काही नव्हते. पण त्यानंतरच्या दीड वर्षात जे घडले त्याने मला आमचे घर नव्याने दाखवले.

खानदेशची रीत

आपल्या खानदेशात माणूस गेल्यावर त्याच्या आठवणी काढण्याची एक बांधीव रीत आहे. आपण ती लहानपणापासून पाहतो, म्हणून तिच्याकडे कधी नीट पाहत नाही.

पहिली पायरी म्हणजे द्वारदर्शन. सोयरेधायरे, गल्लीतली मंडळी, गावाकडचे लोक घराच्या दाराशी येतात, बसतात आणि दोन शब्द बोलून उठतात. बायका हेल काढून रडतात. हे रडणे नुसते रडणे नव्हे. लक्ष देऊन ऐकले तर त्यात गेलेल्या माणसाचा सारा वृत्तान्त असतो. कोणाला कधी धान्य दिले, कोणाचे बाळंतपण केले, कोणाच्या लग्नात रात्रभर पुऱ्या लाटल्या, हे सगळे त्या सुरात येते. एकीने एक आठवण काढली की दुसरी तिला आपली जोडते. शिकल्यासवरल्या माणसांना हा प्रकार हल्ली जुनाट वाटतो. पण शोकसभेतल्या भाषणांपेक्षा त्यात माहिती कितीतरी जास्त असते, हे मान्य करावे लागेल.

दुसरी पायरी म्हणजे दशक्रिया, उत्तरकार्य आणि गंधमुक्ती. सुतक फिटते, घरच्यांच्या कपाळी पुन्हा गंध लागते. त्या दिवशी पंगत बसते, आणि पंगतीनंतर म्हातारी माणसे ओसरीवर टेकून बोलत बसतात. तिसरी पायरी वर्षश्राद्धाची. आणि या सर्वांत खास आपली म्हणावी अशी पायरी म्हणजे आखाजी.

इतर महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक म्हणून ओळखला जाणारा सण. आपल्याकडची आखाजी ही एकीकडे सासुरवाशिणींची आणि दुसरीकडे पितरांची. लेकी माहेरी येतात, निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी घरात नवी मातीची घागर भरतात. तिच्यावर छोटे भांडे, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आंबे आणि सांजोऱ्या. खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस यांचा नैवेद्य होतो, चुलीत पितरांच्या नावाने घास टाकतात. पण या सगळ्याच्या आधी, सकाळी, उंबरठ्याची पूजा होते. एकेका पूर्वजाचे नाव घ्यायचे आणि कुंकवाचे एकेक बोट उंबरठ्यावर उमटवायचे. ‘या, जेवायला या’ असे ते आमंत्रण असते. एक नाव, एक बोट. ज्याचे नाव आठवले नाही त्याला आमंत्रण गेले नाही, इतका तो सरळ हिशेब आहे.

अकरा आणि सात

मोठी माय गेल्यानंतरची पहिली आखाजी आली. कुंकवाची वाटी घेऊन आई उंबरठ्याशी बसली. आजवर हे काम मोठी मायच करीत असे, तेही ओठातल्या ओठात पुटपुटत. आईने पहिले बोट तिचेच उमटवले. मग आजोबांचे, पणजोबांचे, त्यांच्या वडिलांचे, एका चुलत आजोबांचे. पणजीचे एक. तरुणपणी गेलेल्या एका काकांचे एक. आणि ती थांबली.

माझी धाकटी बहीण म्हणाली, “मोठी माय तर अकरा बोटं काढायची.” लहानपणी शेजारी बसून ती बोटे मोजत असे. आमची मोठ्या मायचे धरून सातच झाली होती. म्हणजे तिची अकरा आणि तिचे स्वतःचे एक अशी बारा व्हायला हवी होती. पाच माणसे आमच्या उंबरठ्याबाहेर राहिली होती आणि ती कोण हे घरात एकालाही सांगता येईना. काकांनी मग एका चुलत पणजोबांचे नाव आठवून काढले. चार बोटे तरीही राहिलीच.

तेव्हा मला मृत्यूच्या नोंदीचा प्रसंग आठवला. त्या अर्जात मृत व्यक्तीच्या आईच्या नावाचा रकाना असतो. वडिलांनी सगळा अर्ज भरला आणि त्या रकान्यापाशी पेन थांबवून काकांकडे पाहिले. काकांनी आत्याकडे पाहिले. मोठ्या मायच्या आईचे नाव तिच्या तिन्ही मुलांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. इतकेच काय, मोठ्या मायचे माहेरचे नाव तरी काय होते? शिधापत्रिकेवर होते ते सासरचे, लग्नात बदललेले. पुरुषांची नावे वर चार पिढ्यांपर्यंत आमच्या तोंडी होती, बायकांची नावे दुसऱ्या पिढीतच संपत होती.

आजची पिढी या बाबतीत सुदैवी म्हटली पाहिजे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव लावणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले आहे. पण त्याआधीच्या असंख्य आयांचे काय? त्यांची नावे कागदावर नाहीत, ती फक्त माणसांच्या तोंडात आहेत. आणि ही तोंडे एकेक करून मिटत आहेत.

आठवण कोणाजवळ असते?

त्या आखाजीनंतर मी एक वही केली आणि विचारत सुटलो. पहिला धडा लवकरच मिळाला. “मोठ्या मायची आठवण सांगा” असे विचारले की प्रत्येक जण साच्यातली आजी काढून हातात ठेवतो. “फार मायाळू होती.” “कष्टाळू होती.” “अशी माणसं आता होणे नाही.” मोबाइलवरच्या आमच्या कुटुंबाच्या गटात ती गेली त्या दिवशी हात जोडलेल्या चित्रांचा आणि ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा पाऊस पडला होता. त्यातला एकही शब्द तिचा नव्हता. तोच मजकूर कोणाच्याही निधनाला चालला असता.

मग मी प्रश्न बदलला. माणसाविषयी न विचारता वस्तूंविषयी विचारू लागलो. बिबड्यांचे कापड कोणाचे? खापर कोठून आणले? ही मोडक्या दांड्याची हातोडी घरात कशाला?

त्या हातोडीने एक कवाड उघडले. आमच्या घरात भाकरीचा तुकडा टाकला की मोठी माय अंगावर येत असे. आम्ही तिला चिकट म्हणत असू. सगळ्याच म्हाताऱ्या अशा असतात, असे समजून आम्ही ते हसण्यावारी नेले. हातोडीविषयी विचारले तेव्हा गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका आजीबाई म्हणाल्या, “अरे, ती तर आम्ही दोघी खडी फोडायला न्यायचो!” १९७२ चा दुष्काळ. सरकारने रस्त्यांची कामे काढली होती, आणि त्या कामांवर बायका उन्हात खडी फोडीत असत. मुलांना सुकडी मिळे. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळे, लोक तिला मिलो म्हणत. त्या मिलोची भाकरी थापताना तुटत असे आणि तुटलेले तुकडे मोठी माय स्वतः खाऊन सबंध भाकरी मुलांना देत असे. पुढे १९७७ साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे या दुष्काळी कामांचा अनुभव होता, हे मी अर्थशास्त्राच्या तासाला शिकलो होतो. पण माझी आजी त्या धड्यात होती हे मला ठाऊक नव्हते. माझ्या वडिलांनाही नव्हते, ते तेव्हा चार वर्षांचे होते. आजोबा गिरणीत नोकरीला, त्यांच्या पगारात भागेना म्हणून बायको खडी फोडायला जाते हे त्यांना कमीपणाचे वाटे, म्हणून घरात तो विषय नंतर कधी निघालाच नाही.

तेव्हा ध्यानात आले की आठवण ही घरच्यांजवळच असते हा आपला समज खोटा आहे. मुलांना आई ठाऊक असते, नातवंडांना आजी ठाऊक असते. पण त्या बाईचे जे आयुष्य आई किंवा आजी नव्हते, ते तिच्या मैत्रिणींजवळ असते, कामावरच्या सोबतिणींजवळ असते. घर म्हणजे आठवणीचा एक कोपरा, अख्खा वाडा नव्हे.

फडातली द्वाड मुलगी

गंधमुक्तीच्या दिवशी साक्री तालुक्यातून एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. काठी टेकीत आल्या, कोपऱ्यात बसल्या, जेवल्या आणि संध्याकाळच्या एसटीने गेल्या. मोठ्या मायच्या माहेरची कोणी आहे, एवढेच आम्हाला समजले. त्या दिवशी त्यांच्याजवळ बसावे असे आमच्यापैकी कोणालाच सुचले नाही. वाढप्यांची धावपळ होती, पाने कमी पडत होती! ही चूक मी मुद्दाम नोंदवतो, कारण ती घरोघरी होते. ज्या दिवशी सर्वांत जास्त आठवणी घरात चालून येतात, त्याच दिवशी आपण पत्रावळी मोजत असतो.

त्यांचा पत्ता काढून मी आणि आई पावसाळ्याच्या तोंडी त्यांच्या गावी गेलो. बाईंनी आधी आम्हाला जेवू घातले. कळण्याची भाकर, ठेचा आणि कांदा. मग अहिराणीत एकदम म्हणाल्या, “तुनी मोठी माय भलती द्वाड व्हती!”

आई आणि मी एकमेकांकडे पाहतच राहिलो. आमची मोठी माय, जिच्या नजरेला काकाही भीत, ती द्वाड?

त्यांच्या बोलण्यातून जे उलगडले ते केवळ एका मुलीचे बालपण नव्हते. पांझरेच्या काठी फडाची बागायत असते, हे आपण भूगोलात वाचतो. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडलेले. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. प्रत्येक शेतकऱ्याचा थोडाथोडा तुकडा निरनिराळ्या फडांत असायचा, म्हणजे पाण्याचा फायदा आणि तोटा सर्वांना सारखा. पाण्याची वाटणी करायला बारेकरी आणि पाटकरी, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि या सर्वांवर हवालदार. काही शतके चालत आलेली, गावाने स्वतः उभारलेली ही व्यवस्था. पुस्तकात ती दोन परिच्छेदांत संपते. बाईंच्या तोंडून मात्र ती चालू लागली. उसाच्या फडात शिरून ऊस मोडणाऱ्या दोन पोरी, मागे काठी घेऊन धावणारा जागल्या, पाटाच्या पाण्यात भिजलेली परकराची गाठ, आणि पकडले गेल्यावर “मी नाही, हिने मोडला” असे ठोकून देणारी माझी आजी!

मग त्यांनी तिचे माहेरचे नाव सांगितले. तिच्या आईचे नाव सांगितले. ती नावे मी इथे छापीत नाही. ती आमच्या घरची आहेत आणि आमच्या वहीत आहेत. पण ती ऐकताना आईने माझा हात धरला होता, एवढे सांगतो.

आणि मग त्या गंभीर झाल्या. लग्न झाले त्याच वर्षी मोठ्या मायची आई वारली. बाप त्याआधीच गेलेला. एका मावशीने तिला सांभाळले होते, तीही थकलेली. पहिली आखाजी आली. गावात सगळ्या सासुरवाशिणी माहेरी आल्या, झोके बांधले गेले. “तिले लेवाले कोनी उनाच नही,” बाई म्हणाल्या. तिला न्यायला कोणी आलेच नाही. मुऱ्हाळी धाडायला माहेरी माणूसच उरले नव्हते. त्यानंतर तिचे माहेर संपले, आणि त्याबरोबर तिचे नावही संपले.

परतीच्या एसटीत आई बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. धुळे जवळ आले तेव्हा म्हणाली, “माझ्या पहिल्या आखाजीला त्यांनी मला माहेरी जाऊ दिलं नव्हतं. तीस वर्षं मी ते मनात ठेवलंय.” जरा थांबून पुढे म्हणाली, “हे मला आधी कळायला हवं होतं.”

सासूने केले ते बरोबर होते असे आई म्हणाली नाही, आणि मीही म्हणत नाही. आपल्याला मिळाले नाही म्हणून दुसरीला मिळू न देणे हा अन्यायच. पण त्या अन्यायाला आता एक कारण मिळाले होते, आणि कारण कळल्यावर माणसाचा राग जरा वेगळा होतो. वर्षश्राद्धाच्या दिवशी मी वही सर्वांपुढे वाचली तेव्हा आईने स्वतःच ही हकीकत सांगितली, सासूची कठोरता न झाकता. आत्या रडली, काका गप्प बसले. त्यानंतर मात्र प्रत्येकाजवळून खऱ्या आठवणी निघू लागल्या. कोणाला बसलेला मार निघाला, कोणाला चोरून दिलेला गूळ निघाला. एका खऱ्या आठवणीने दहा खऱ्या आठवणींना वाट करून दिली. आमच्या घरात मोठी माय त्या दिवशी पहिल्यांदा माणूस म्हणून आली.

धुळ्याचा वारसा

हे सर्व धुळ्यात घडावे यात मला एक प्रकारचे औचित्य वाटते. आपले गाव मुळी जपून ठेवणाऱ्यांचे गाव आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुनी दप्तरे गोळा करीत हिंडले, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांनी धुळ्यातच देह ठेवला. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी १९२७ साली राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी पोथ्या जमवून इथेच वाग्देवता मंदिर उभे केले. लोक देवाचे मंदिर बांधतात, आपल्या गावात कागदांचे मंदिर आहे!

पण कागद जपता येतो तो आधी कोणी लिहिला असेल तर. बोललेल्या शब्दाचे काय? त्याचेही उत्तर धुळ्याजवळ आहे. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. दर रविवारी ते गीतेवर बोलत. सहकैद्यांत साने गुरुजी होते. त्यांनी ती प्रवचने लिहून घेतली, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ आहे. गुरुजी लिहून घ्यायला नसते तर ते शब्द त्या भिंतीतच विरले असते. गंमत अशी की विनोबांची ‘गीताई’ही मुळात आईच्या इच्छेतून आलेली. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, तिला सोप्या मराठीतली हवी होती. ती पुरी होईपर्यंत आई राहिली नव्हती. आणि अमळनेरला शिक्षक असलेले साने गुरुजी पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात स्वतःच्या आईच्या आठवणी लिहायला बसले. ‘श्यामची आई’ची मांडणी आठवा. श्याम रात्रीमागून रात्र मित्रांना आईच्या आठवणी सांगतो आहे. आपल्या द्वारदर्शनाचेच ते रूप नव्हे काय? फरक एवढाच की कोणीतरी ते लिहिले.

सर्वांत जवळचे उदाहरण शेजारच्या जळगावचे. आसोद्याला १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात, चुलीपुढे त्या खानदेशी बोलीत गाणी रचीत. घरातल्या मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, आणि नात्यातल्या एकाने त्यांतली काही उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई गेल्या. नंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि १९५२ साली त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. २०१८ साली जळगावच्या आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. एका निरक्षर बाईचे नाव विद्यापीठाला! पण विचार करा, उतरवून घेणारे हात घरात नसते तर? महाराष्ट्र त्यांना ओळखलाही नसता, आणि काय गमावले हेही त्याला कळले नसते.

कोणी म्हणेल, बहिणाबाई एकच. माझी आजी काही कवयित्री नव्हती. कबूल. पण हेमा राईरकर आणि गी पॉईतवां या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्या गाणाऱ्या बायका कोणी प्रसिद्ध नव्हत्या. कोणाची तरी आजी, कोणाची तरी आत्या. या संग्रहाचे मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे की ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि तिचे गावही नोंदले आहे. लोकगीत म्हणजे कोणाचेच नसलेले गीत, असे आपण परीक्षेत लिहून मोकळे होतो. इथे ते एका बाईचे झाले.

काय करावे?

माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो. मी चुकत चुकत शिकलो, आपण चुकू नये.

एक, वस्तूपासून सुरुवात करावी. पाटा, खापर, जुने लुगडे, मोडकी पेटी. माणूस कसा होता हे कोणालाच चटकन सांगता येत नाही, पण हे भांडे कोठून आले हे सांगता सांगता माणूस येतो. उन्हाळ्यात पहाटे गल्लीतल्या बायका बिबडे घालायला जमतात तेव्हा जाऊन बसावे. हात कामात असले की जीभ मोकळी होते.

दोन, घराबाहेरच्यांना आधी विचारावे, आणि त्यांतही वयाने मोठ्यांना. घरची माणसे पुढेही भेटतील. काठी टेकीत आलेली मैत्रीण पुन्हा भेटेलच असे नाही.

तीन, बोलीत सांगितलेले बोलीतच लिहावे. “कोनी उनाच नही” याचे मी प्रमाण मराठीत ‘कोणीही आले नाही’ असे केले तेव्हा ते एखाद्या सभेच्या इतिवृत्तासारखे वाटले. आज प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे, त्याचा उपयोग करावा. मात्र कोण बोलले, कोठे, कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहून ठेवावे. नुसता आवाज उरला आणि आवाज कोणाचा ते विसरले, तर ती आठवण पुन्हा बेवारस झाली.

चार, दोन आठवणी एकमेकींशी जुळल्या नाहीत तर जुळवू नयेत. काकांच्या मते मोठी माय कधी खोटे बोलली नाही. मैत्रिणीच्या मते ती उसाच्या फडात सर्रास खोटे बोलली! वहीत दोन्ही आहेत. ज्या दिवशी मी त्यांतले एक खोडीन त्या दिवशी साच्यातली आजी पुन्हा तयार होईल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आजी असेल तर तिलाच विचारावे. मी हे करू शकलो असतो. वीस वर्षे आम्ही एका घरात राहिलो. तिने मला रोज “जेवना का रे भाऊ?” असे विचारले. मी तिला तिचे नाव कधी विचारले नाही.

यंदाची आखाजी झाली. आईने कुंकवाची वाटी घेतली. आठ बोटे झाल्यावर तिने नववे उमटवले आणि मोठ्या मायच्या आईचे नाव मोठ्याने घेतले. दहावे त्या मावशीचे. सासरच्या उंबरठ्यावर माहेरची माणसे बोलावण्याची रीत नाही, पण मोठी माय बहुधा त्यासाठीच ओठातल्या ओठात पुटपुटत असावी, असे आईचे म्हणणे. उरलेली दोन नावे आम्हाला मिळालेली नाहीत. विचारणे चालू आहे. तरी आईने हात मागे घेतला नाही. अकरावे आणि बारावे बोट तिने नाव न घेताच उमटवले, आणि मग आम्ही घागर भरायला आत गेलो.